रुमाल घसरला नव्हता

थेसालोनिकी,
मंगळवार, दुपार

प्रिय रेझो,

फोन तू उचलत नाहीस, आणि उचललास तरी हल्ली वकिलासारखा बोलतोस, म्हणून लिहिते. कागदावर तरी ‘आई, आधी माझं ऐक ना’ म्हणून मला मधेच तोडता येणार नाही. पोलिक्सेनीबाईंना भरवून, पुसून झोपवलंय. त्यांचं घोरणं चालू आहे तोवरचा वेळ माझा. तर मुख्य ते आधी सांगते, बाकीचं मागाहून. शुक्रवारी बॉक्सिंग संघटनेच्या सुनावणीत तू पढवलंस ते मी बोलणार नाही. माझ्या डोक्यावरचा रुमाल घसरला नव्हता. गाठ सैल नव्हती, आणि वाऱ्याचं म्हणशील तर त्या बंद सभागृहात श्वास घ्यायला हवा नव्हती, वारा कुठला यायला. मी तो दोन्ही हातांनी ओढून काढला आणि रिंगणात फेकला. नेम बरोबर लागला, कारण माझा नेम तुझ्या बापापेक्षा कायमच चांगला होता.

यात तुझं काय जाणार आहे ते मला कळत नाही, असं मात्र समजू नकोस. तुझ्या त्या मिनासने मला समोर बसवून, लहान पोरीला समजावतात तसं समजावलंय. तो तुला शिकवणारा असेल, मला नाही. तरी ऐकून घेतलं. सातव्या फेरीत तुझ्या आणि त्या सावासच्या मधे रुमाल पडला, दोघांनीही हात खाली सोडले, आणि पंच ‘लढा, लढा’ म्हणून घसा फोडत राहिला तरी दोघंही विजेच्या खांबासारखे उभे. शेवटी त्याने लढत थांबवून दोघांनाही खाली उतरवलं. आता रुमाल चुकून पडला असं ठरलं, तर लढत झालीच नाही असं धरणार आणि ती पुन्हा लावणार. मुद्दाम फेकला असं ठरलं, तर फेकणारी तुझी आई, म्हणजे मोडता घातला तो तुझ्या बाजूने. मग विजेत्याचा पट्टा सावासला आणि तुझा परवाना वर्षभर बंद. एकोणतिसाव्या वर्षी बॉक्सरचं एक वर्ष म्हणजे काय, हे मला कुणी सांगायला नको. दहा वर्षं तुझे सुजलेले हात मी कोमट पाण्यात धरून बसले आहे.

तू इथे आलास तेव्हा मी तुला ओळखलंच नव्हतं, आठवतं? अकरा वर्षांचं पोर जॉर्जियात दुशेतीला आजीकडे ठेवून मी निघाले होते, आणि समोर उभा राहिला तो दाढीवाला बाप्या, गळ्यात आजीने दिलेल्या अक्रोडाच्या माळा. मी तुझ्या खांद्यावरून मागे बघत होते, माझं पोर कुठाय म्हणून. तू म्हणालास, आई, मीच आहे, खाली बघू नकोस, वर बघ. त्याच आठवड्यात तू मेनेमेनीच्या भाजीबाजारात टोमॅटोच्या पेट्या उतरवायला लागलास. महिना झाला नसेल, तर दोन हमालांनी तुला काहीतरी म्हटलं आणि तू दोघांनाही कोबीच्या ढिगात आडवं केलंस. बाजाराच्या मागेच मिनासची तालीम. तो भांडण सोडवायला आला आणि भांडणारा घेऊन गेला.

मी तेव्हा केवढी चिडले होते. म्हटलं, मी परक्यांची म्हातारी माणसं उचलून कंबर मोडून घेते, ती काय तू नाक मोडून घ्यावंस म्हणून? तू म्हणालास, आई, बाजारात मला सगळे ‘ए जॉर्जियन’ म्हणतात, रिंगणात निदान नाव पुकारतात. मग नाव पुकारायला लागले आणि आपण दोघं हसून हसून लोळलो. आपल्या गोगोचुरी आडनावाचं कधी गोगोचारी, कधी कोकोचुरी, आणि सोफिया शहरातल्या त्या पुकारणाऱ्याने तर मधेच सोडून देऊन ‘आणि हा दुसरा’ असं म्हणून टाकलं. मिनास म्हणाला, गोगोस कर, छान ग्रीक वाटेल, लोक आपला म्हणतील, तिकिटं खपतील. तू म्हणालास, मग गोगोसलाच पाठवा लढायला, मी घरी जातो. त्या दिवशी मी पोलिक्सेनीबाईंच्या स्वयंपाकघरात तुझ्यासाठी खिमा भरून खिंकाली केल्या होत्या, आणि तू इतक्या खाल्ल्यास की वजनात बसायला तुला दोन दिवस पळावं लागलं.

तुला बोलवायचे ते हरायलाच बोलवायचे, हे मला फार उशिरा कळलं. मला वाटायचं, माझ्या मुलाला परदेशातून आमंत्रणं येतात, काय नाव झालंय. शेजारणींना सांगत सुटायचे. मग तूच एकदा सांगितलंस की त्याला पाहुण्याचा कोपरा म्हणतात. गावातल्या पोराने तिकिटं खपवायची, पाहुण्याने सहा फेऱ्या चांगलं दिसायचं, पडायचं नाही, जिंकायचंही नाही, आणि परतीच्या गाडीत बसायचं. इटलीत बारीला तू त्या खाटकाच्या पोराला तिसऱ्या फेरीत झोपवलंस, आणि पुढे कितीतरी महिने तुला कुणाचा फोन नाही. पाहुण्याने यजमानाचंच ताट ओढलं की पुन्हा जेवायला बोलवत नाहीत. मी म्हटलं, बरं झालं, आता सोडशील. तू म्हणालास, आता तर शिकलो, आता यांच्याच घरात जाऊन यांना हरवायचं. तेव्हाच मी ओळखलं की हा माझ्या आजीवर गेलाय, आता याला सांगून उपयोग नाही.

आणि स्कोप्येची ती लढत. ती गोष्ट मी पोलिक्सेनीबाईंना इतक्यांदा सांगितली आहे की त्यांना सुनेचं नाव आठवत नाही, पण ती आठवते. तुझ्या नावापुढे त्या शहाण्यांनी जॉर्जियाऐवजी रशियाचा झेंडा लावला होता. तू बघितलास आणि रिंगणाच्या मधोमध मांडी घालून बसलास. म्हणालास, तो उतरवा, नाहीतर माझं जेवण इथेच मागवा. लोक शिट्ट्या मारतायत, मिनास हात जोडतोय, तू ढिम्म. शेवटी कुणीतरी टेबलावरचं पांढरं कापड आणलं आणि त्यावर लाल चिकटपट्टीचे क्रॉस लावले. तर तू म्हणालास, चारच झाले, आपल्या झेंड्यावर पाच असतात. पाचवा लावून घेतलास तेव्हा उठलास. त्या दिवशी गुणांवर हरलास, पण फोनवर तुझा आवाज असा होता की मला वाटलं जिंकलाच. मी माझ्या खोलीत एकटीच तुझ्या नावाने पेला उचलला.

आता तूच सांग, एका क्रॉससाठी अख्खं सभागृह ताटकळत ठेवणारा तो माणूस कुठे गेला? तो आता मला म्हणतो, आई, घसरला एवढंच म्हण ना, एका शब्दाने तुझं काय जातं? उचलली जीभ लावली टाळ्याला.

लढतीच्या आठवडाभर आधीच्या त्या वजनाच्या दिवसाबद्दल बोलूया, कारण सगळं तिथूनच सुरू झालं. सावास खांद्यावर ग्रीसचा निळापांढरा झेंडा घेऊन उभा होता आणि कॅमेऱ्यांसमोर म्हणाला, याची आई आमच्या म्हाताऱ्यांची ढुंगणं धुते, आणि हा आमचा पट्टा न्यायला आलाय. तुझ्या कपाळाची शीर कशी फुगली ते मी फोनवर बघितलं. सगळ्यांनीच बघितलं. रविवारी चौकातल्या बाकांवर आम्ही सगळ्या सुट्टीवाल्या जमतो, तिथे तेच चाललं होतं. मला वाईट वाटलं असेल असं तुला वाटलं. अजिबात नाही. धुते, मग? आणि नीट धुते. पोलिक्सेनीबाई इतकी वर्षं अंथरुणावर आहेत, त्यांच्या पाठीला मी एक जखम होऊ दिलेली नाही, बघायला ये म्हणावं त्याला. बाकावरची मरीना म्हणाली, त्याला विचारा, त्याचं कोण धुणार म्हातारपणी, आत्ताच नंबर लावून ठेव म्हणावं. सगळ्या खो खो हसल्या. हसली नाही ती एकटी पार्थेना. पाठ फिरवून उठून गेली. मला वाटलं तिला बरं नसेल.

पार्थेनाबद्दल तुला मी मागे सांगितलं होतं, पण तुझं लक्ष कुठे असतं. त्साल्काची आहे, आपल्याकडच्या ग्रीकांतली. सगळं गाव इकडे आलं तेव्हा तीही आली. इथे कालामारियात एका म्हाताऱ्या कॅप्टनला सांभाळते. त्याच्या औषधांबद्दल, त्याच्या शिव्यांबद्दल तासन्‌तास बोलेल, पण स्वतःच्या मुलाबद्दल विचारलं की ‘आहे, कामात असतो’ एवढंच. माझ्याशी जॉर्जियन बोलायची आणि आजूबाजूला बघून घ्यायची, कुणी ऐकत नाही ना. मी म्हणायचे, अगं बाई, चोरी करतेयस का बोलतेयस?

मग तो शनिवार. दहा वर्षांत मी तुझी एकही लढत बघायला आले नव्हते, आणि येणारही नव्हते. पण तू म्हणालास, आई, एकदा तरी माझ्या बाजूने कुणीतरी माझ्या भाषेत ओरडू दे. त्यावर कुठली आई घरी बसेल. संध्याकाळची प्रार्थना झाली, तुझ्यासाठी मेणबत्ती लावली आणि देवळातून तशीच आले, म्हणून तर डोक्याला रुमाल होता. नाहीतर या शहरात मी रुमाल बांधून फिरते का? मिनासने मला अगदी पुढे बसवलं, रिंगणाला गुडघे लागत होते. वर छताशी आपली दहाबारा माणसं, बाजारातली. बाकी सगळं सभागृह सावासचं, गाणी म्हणत होतं. माझ्या शेजारची जागा रिकामी होती. पंच रिंगणात चढला तेव्हा एक बाई येऊन बसली. टोपी भुवयांपर्यंत ओढलेली आणि संध्याकाळच्या वेळी डोळ्यांवर काळा चष्मा. मी तोंड बघितलंच नाही, हात बघितले. फिनेलने चिरलेले, नखं मुळापासून कापलेली. असले हात बाकावर आम्हा सगळ्यांचे आहेत. म्हटलं, पार्थेना, तू इथे काय करतेस? तिने टोपी आणखी खाली ओढली. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाली, निळ्या चड्डीतला माझा आहे.

हे तुला अजून कुणी सांगितलेलं नाही, म्हणून सावकाश वाच. ज्याने तुला ते म्हटलं, त्याची आई तेच काम करते. त्यानेच तिला तिकीट दिलं होतं, आणि बजावलं होतं, चेहरा झाकून ये, कुणाशी बोलू नकोस, तुझं ग्रीक ऐकलं की लोक ओळखतात. घरात ती त्याला सावेली म्हणते. सावास हे नाव भिंतींवरच्या पोस्टरांसाठी. मला आधी असा संताप आला की तिथेच उभं राहून सगळ्यांना ओरडून सांगावं. पण ती एवढीशी होऊन बसली होती, मला बोलवेना. दुसऱ्या फेरीत तिने माझा हात धरला आणि मग सोडलाच नाही. त्याने तुझी भुवई फोडली तेव्हा मी तिचा हात चुरगाळला. सहाव्या फेरीत तू त्याच्या बरगड्यांत घातलेस तेव्हा तिने माझा चुरगाळला. दुसऱ्या दिवशी आमची दोघींचीही बोटं काळीनिळी, म्हातारा कॅप्टन तिला विचारतो, तू कुणाशी लढलीस गं.

सातव्या फेरीत सावास आमच्या डोक्यावरच दोरांना टेकला होता. कोपरं पोटाशी, हात तोंडापुढे, डोळे कुठेतरीच. पंच तुझ्या पाठीमागे होता, त्याला काय दिसत होतं देव जाणे. मी का उठले ते थोड्या वेळाने सांगते, आधी रुमालाचं उरकते. तुला हे सांगायला नको, पण शुक्रवारी त्या टायवाल्यांना सांगावं लागणार आहे, म्हणून आत्तापासून पाठ करते. माझी आजी डोंगरातली, बारिसाखोची. तिच्या लहानपणी दोन पुरुषांनी तलवारी उपसल्या आणि एखाद्या बाईने डोक्यावरचा रुमाल काढून मधे टाकला, की तलवारी म्यानात. खुनाचं वैर असलं तरी. तो रुमाल ओलांडून जो वार करेल त्याला पुढे कुणी सोयरीक द्यायचं नाही, कुणी त्याच्या हातचं पाणी प्यायचं नाही. मी हे तुला बसवून कधी शिकवलं नाही. पार्थेनाने तिच्या मुलाला तर नक्कीच शिकवलं नसेल, तिने त्याला सगळं विसरायलाच शिकवलं. तरी काय झालं ते मी डोळ्यांनी बघितलं, अगदी हाताच्या अंतरावरून.

आधी त्याचे हात खाली आले. तुझ्या आधी. काळं कापड तुमच्या पायांशी पडलं, त्याने खाली बघितलं, आणि ते दोन्ही हात असे सुटले की जणू कुणी दोऱ्या कापल्या. तोंड उघडं, हनुवटी उघडी. तुझा उजवा हात मागे खेचलेला होता. तो एक ठोसा, आणि पट्टा तुझा, नाव तुझं, पाहुण्याचा कोपरा कायमचा संपला. पंच ओरडत होता. मिनास दोरावर हात आपटत होता. तू खाली बघितलंस, मग वळून माझ्याकडे बघितलंस, माझ्या उघड्या पिकल्या डोक्याकडे. आणि तुझा हात हळूहळू खाली आला. मग पुढे नाणी काय, बाटल्या काय, लोक ‘विकले गेले, विकले गेले’ म्हणून ओरडतायत, तू हललाही नाहीस. वर छताशी आपली माणसं उभी राहिली होती. एकाने टोपी काढलेली मी बघितली. मिनासला वाटलं तुला झटका आलाय, तो पाणी घेऊन धावला, बिचारा.

आणि आता बघा या दोन वाघांकडे. एकाने संघटनेला लिहून दिलंय की मला घंटा वाजल्यासारखं ऐकू आलं. दुसरा म्हणतो, आईचा रुमाल घसरून पायात आला म्हणून मी थांबलो. त्याला घंटा ऐकू येते, माझी गाठ सुटते, वा रे वा. तू मला फोनवर काय म्हणालास तेही मी विसरलेले नाही. म्हणालास, पेपरात छापलंय, आईने वाचवलं. बाजारात पोरं डोक्याला फडकी बांधून मला चिडवतात. आई, मी जिंकत होतो. अरे राजा, तू जिंकत होतास हे मला दिसत नव्हतं का? माझे गुडघे गेलेत, डोळे नाही गेलेले. जिंकत होतास म्हणूनच उठले.

आता ऐक का उठले ते. तू प्रत्येक ठोशाबरोबर ‘देदा’ म्हणत होतास, आपल्या भाषेतली आई. दातांवरच्या त्या रबरातून, घोगऱ्या आवाजात. देदा, आणि बरगडीत. देदा, आणि कानाखाली. लोकांना वाटलं श्वास सोडतोय. तुला स्वतःला तरी ठाऊक होतं का, कोण जाणे. वर छताशी आपल्या माणसांपर्यंत ते पोचत नव्हतं, त्या अख्ख्या सभागृहात आम्हा तिघांनाच ते कळत होतं, मला, पार्थेनाला आणि ज्याच्यावर ते पडत होते त्याला. तू त्याला पट्ट्यासाठी मारत नव्हतास, माझ्यासाठी मारत होतास. माझ्या अपमानासाठी, जो माझा झालाच नव्हता. आणि त्याची आई माझा हात धरून प्रत्येक वेळी माझंच नाव ऐकत होती. मी तुला दोन देशांत वाढवलं, रेझो. माझं नाव घेऊन मेणबत्ती लाव, लग्नात पेला उचल, पाय घसरला तर माझं नाव घे. पण माझं नाव घेऊन दुसरीच्या पोराला मारायचं नाही. मी तुला वाचवायला रुमाल फेकला नाही. खरं सांगायचं तर त्याला वाचवायलाही नाही. मी माझं नाव तिथून परत आणायला फेकला. आणि उद्या पुन्हा तसं झालं तर पुन्हा फेकीन. रुमाल नसेल तर पोलिक्सेनीबाईंची चादर आणीन.

तुझं वर्ष जाईल याचं मला काही वाटत नाही असं नाही. काल भांडी घासताना रडले, पोलिक्सेनीबाईंनी विचारलं कांदा आहे का, म्हटलं हो. पण जरा डोकं शांत करून विचार कर. रुमाल घसरला असेल, तर तुझे हात कशासाठी खाली आले? चिंधी पडली म्हणून? त्याचे हात कशासाठी खाली आले? ज्याने नाव बदललं, झेंडा बदलला, आईला टोपी घालून बसवलं, तो तुझ्यासमोर हनुवटी उघडी टाकून उभा राहिला, कारण त्याला खात्री होती की तू मारणार नाहीस. त्या सभागृहात त्याने विश्वास ठेवला तो एकट्या तुझ्यावर. आणि तू तो खरा केलास, सगळं जग शिट्ट्या मारत असताना. दहा वर्षांत तू केलेलं याहून मोठं काम मी पाहिलेलं नाही, आणि ते मी माझ्याच तोंडाने पुसून टाकू? एक वर्ष पेट्या उतरव. मिनासकडे नव्या पोरांना शिकव. माझ्यावर चीड, भांड, शिव्या दे. तिसाव्या वर्षी परत ये आणि त्याला हरव, यावेळी तोंड मिटून. मी येईन बघायला.

राहिलं ते एवढंच. काल मिनास खाली दारात येऊन एक पाकीट देऊन गेला, माझ्याकडे न बघता. आत त्बिलिसीच्या बसचं तिकीट, गुरुवार सकाळचं, म्हणजे सुनावणीच्या आदल्या दिवसाचं. त्याला तुझी चिठ्ठी टाचलेली, ‘आई, थकलीस, महिनाभर घरी जाऊन ये.’ इतकी वर्षं मी इथे राबते, तुला माझा थकवा नेमका याच आठवड्यात दिसला. मला सुनावणीत बोलता येणार नाही एवढं दूर पाठवायचं, आणि तेही प्रेमाने, ही अक्कल तुझी नाही, पण पैसे तुझेच असणार. तिकीट या पत्राबरोबर आजच हातोहात परत पाठवते आहे, बदलून घे, अजून वेळ आहे. खिडकीची जागा घेतलीस, एवढी माया मला पोचली. शुक्रवारी दहाला मी संघटनेच्या दारात उभी असेन. पोलिक्सेनीबाईंना तेवढा वेळ शेजारीण बघणार आहे. पार्थेनाही येणार आहे, तोंड उघडं ठेवून. त्या दिवशी घंटा वाजली नव्हती हे ती त्यांना सांगणार आहे, तिच्या त्या त्साल्काच्या ग्रीकमध्ये, मोठ्याने. मुलाला तिने अजून सांगितलेलं नाही, मी तुला सांगितलं, एवढाच आम्हा दोघींत फरक. आम्ही पुढच्या बाकावर बसू. तुम्हा दोघांना आमच्या शेजारी बसायची लाज वाटत असेल तर मागे बसा, एकमेकांच्या शेजारी. पण या.

तुझीच, आणि तुझ्या परवान्याची वैरीण,
आई